असल्फाची रंगीत टेकडी: एका रंगाऱ्याचा रिव्ह्यू

तिकीट नाही, गाईड नाही. मुंबईत वर्सोवा–घाटकोपर मेट्रोने असल्फाला उतरायचं आणि वस्तीची टेकडी चढायची. पण आधी गाडीच्या खिडकीतून नीट बघून घ्या, कारण हे काम लांबून बघायलाच केलंय. २०१७-१८ च्या हिवाळ्यात ‘चल रंग दे’ या संस्थेवाल्यांनी स्वयंसेवक आणि वस्तीतली माणसं हाताशी धरून या भिंती रंगवल्या. मेट्रो २०१४ पासून धावतेय, पण तोवर या टेकडीकडे मान वळवून कोण बघत होतं?

मी घरं रंगवायची कामं घेतो, त्यामुळे चित्राआधी माझी नजर भिंतीवर जाते. रंगसंगती शंभर नंबरी. पिवळ्याला लागून निळा, त्याच्या डोक्यावर गुलाबी, आणि मध्ये कुणाच्या पत्र्यावरची ताडपत्री येते तीसुद्धा मुद्दाम घातल्यासारखी वाटते. ठरवणाऱ्याचं डोकं पक्कं. हात मात्र सगळ्यांचे सारखे नाहीत. काही कडा इतक्या सरळ, की टेप लावल्याशिवाय मलाही जमायच्या नाहीत. काही ठिकाणी रोलर फिरवून पोरं पुढे पळालेली कळतात. असो. सुट्टी मोडून फुकट राबायला आलेल्याला घासणी आणि लांबीचा (म्हणजे पुट्टीचा) हिशोब कोण विचारणार?

मुंबईचा पाऊस उघड्या भिंतीवर कुणाचाच रंग ठेवत नाही. इथेही पापुद्रे सुटलेत, पाण्याच्या पाइपाखाली ओल धरलीय, तिथलं चित्र गेल्यात जमा. आतल्या गल्ल्यांत तर रंग कमीच. मेट्रोकडे तोंड असलेल्या भिंती नशीबवान.

एका जिन्यापाशी एक मावशी स्वतःच दाराला ऑइलपेंटचा दुसरा हात मारत होत्या. भिंत निळी, दारही निळं, पण छटा जुळेना. राहवलं नाही, म्हटलं, “मावशी, थोडा पांढरा मिसळा.” त्या म्हणाल्या, “कशाला? लांबून माझं दार मला ओळखू येतं.” वर माझ्याच हातात ब्रश देऊन वरची चौकट करून घेतली.

रंगसंगतीला पाचपैकी पाच, भिंतीच्या तयारीला तीन. जायचं तर सकाळी, दुपारी पत्रे तापतात. गल्ल्या अरुंद आहेत, ओट्यावर कुणी भांडी घासत असतं, कुणी पोराला आंघोळ घालत असतं. विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.