२५ हजार, १० बाय १४ चा हॉल आणि भिंतीला टेकलेला सोफा

गेल्या महिन्यात डोंबिवलीहून मावसभावाचा फोन आला. नवा ४३ इंची टीव्ही घेतलाय, चित्र झकास, पण आवाज पिंपातून आल्यासारखा. "दादा, होम थिएटर घ्यायचंय. २५ हजारांत काय बसेल ते सांग." मी विचारलं, "सोफा कुठे आहे?" तो म्हणाला, "भिंतीला. आणखी कुठे असणार?"

बरोबर आहे. आपल्याकडच्या १० बाय १४ च्या हॉलमध्ये सोफा भिंत सोडत नाही. पण स्पीकर निवडायला बसलं की सगळे ब्रँडपासून सुरुवात करतात आणि सोफ्यापाशी शेवटी येतात, म्हणजे खोकी घरात उतरल्यावर. तोवर पैसे गेलेले असतात.

या बजेटात विचार करण्यासारखे पर्याय तीन. पहिला, एका खोक्यात येणारा ५.१ संच, म्हणजे आवाजाचे पाच वेगळे प्रवाह (चॅनेल) आणि बेसचा एक: पुढे साउंडबार नावाची लांब पट्टी, खाली बेसचा वूफर, मागे वायरवाले दोन छोटे स्पीकर. सोनीचा एचटी-एस२०आर हा या जातीचा ओळखीचा चेहरा. सेलच्या दिवसांत तो १५ ते २० हजारांच्या दरम्यान मिळतो. दुसरा, आतच ॲम्प्लिफायर असलेली दोन स्पीकरांची जोडी, म्हणजे साधा स्टिरिओ. एडिफायरची आर१२८०डीबी ही त्यातली नेहमी समोर येणारी जोडी, १५ हजारांच्या आत-बाहेर. तिसरा, रिसीव्हर (टीव्हीचा आवाज उलगडून स्पीकरांना ताकद पुरवणारा डबा) वेगळा आणि स्पीकर वेगळे. नवा ५.१ रिसीव्हरच जवळजवळ सगळं बजेट खातो, त्यामुळे इथे जुन्या बाजाराकडे वळावं लागतं.

चौथाही एक पर्याय दुकानात फार दिसतो आणि तो आधी बाजूला काढतो. कमरेएवढा टॉवर किंवा पाच डब्यांचा संच, त्यावर लाल-निळे दिवे, वर ठळक "५.१", आणि मागे पाहिलं तर जोडायला ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह आणि एक ऑक्स, म्हणजे हेडफोनसारखी पिन. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असे डझनभर वाजताना ऐकू येतील. ब्लूटूथवरून आणि ऑक्सच्या वायरीतून टीव्हीचे दोनच चॅनेल येतात, डावा आणि उजवा. मागच्या स्पीकरांत जे वाजतं ती त्याच दोघांची नक्कल असते. गणपतीत गच्चीवर गाणी लावायला हे ठीक, पण सिनेमातली मागून येणारी गाडी यातून मागून येणार नाही. खरा ५.१ आवाज घ्यायचा तर मागच्या बाजूला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज स्पीकरकडे आणणारी एचडीएमआयची जोडणी) हवं, किमान ऑप्टिकल (प्रकाशाच्या वायरीची जोडणी) आणि आत डॉल्बी डिजिटल, म्हणजे सिनेमाचा गुंडाळून पाठवलेला ५.१ आवाज, उलगडणारा डिकोडर तरी हवा. दुकानात शिरल्यावर संच पुढून नंतर पाहा, आधी उलटा करून पाहा.

आता वॅट. मावसभावाचा पहिला आक्षेप हाच होता: "अरे, सोनी ४०० वॅट आणि तुझी ती जोडी ४२ वॅट. दहापट फरक आहे!" आमच्या लहानपणी टू-इन-वनवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे फुगवलेले, आकडे छापायचे, तेव्हापासून आपल्याला वॅटचा मोह आहे. खोक्यावरचा एकूण वॅटचा आकडा बहुतेक वेळा सगळ्या चॅनेलांची बेरीज करून आणि आवाज बऱ्यापैकी फाटू देऊन काढलेला असतो. शिवाय कानाचा हिशेब वेगळाच. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. तो दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर एका मीटरवर ८८ डेसिबल देतो. ९-१० फुटांवरच्या सोफ्यावर ते ८० च्या आसपास उरतात, आणि रोजच्या पाहण्यात तेवढा आवाज झाला तर आतली खोली दार लावून घेते. थोडक्यात, आपण बहुतेक वेळ एक-दोन वॅटवरच जगतो.

पैशांची वाटणी मात्र बघण्यासारखी आहे. १६ हजारांच्या ५.१ संचात बार, वूफर, दोन मागचे, ॲम्प्लिफायर, डिकोडर, रिमोट एवढं सगळं बसवायचं. १४ हजारांच्या जोडीत दोन लाकडी खोकी आणि एक ॲम्प्लिफायर. कुठल्या स्पीकराच्या वाट्याला जास्त माल आला असेल, ते वेगळं सांगायला नको. फरक ऐकायचा असेल तर पुरुषाचा आवाज ऐका. पुरुषी आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. बारमधल्या चिमुकल्या स्पीकरांना त्यातला खालचा भाग झेपत नाही, म्हणून तो वूफरकडे ढकलला जातो. वूफर कोपऱ्यात ठेवलेला असला तर नायकाचे ओठ पडद्यावर आणि छाती कोपऱ्यात, असं काहीसं होतं. स्पीकरांतच चार इंची वूफर असलेली जोडी तेवढं खाली आरामात उतरते आणि आवाज एका जागी राहतो. गाण्यांत तर तफावत आणखी उघडी पडते. डग्ग्याची घुमक, बाईंच्या आवाजातली खर, पेटीचा भाता, हे सगळं बारवर गुळगुळीत होऊन जातं. ज्याच्या घरात सकाळी अभंग आणि रविवारी नाट्यगीतं लागतात, त्याने माझ्या मते पहिल्या पर्यायाकडे बघूही नये.

तरी ५.१ ची बाजूही घेतो, कारण एका बाबतीत ती खरीच भारी आहे. सिनेमात आणि वेब सिरीजमध्ये संवाद मधल्या चॅनेलवर असतात. एस२०आरसारख्या बारमध्ये त्यासाठी स्वतंत्र मधला स्पीकर आहे. सोफ्याच्या कुठल्याही टोकाला बसा, संवाद टीव्हीतूनच येतात. दोन स्पीकरांच्या जोडीत हा मधला आवाज भास असतो. मध्ये बसणाऱ्याला तो पक्का वाटतो, टोकाला बसणाऱ्याला जवळच्या स्पीकरकडे सरकतो. दोघा-तिघांच्या घरात याने अडत नाही. पण सामना असला की आठ जण जमिनीवर पसरणार असतील, तर मधला स्पीकर मोलाचा.

आणि मागच्या स्पीकरांबद्दल एक गैरसमज. डॉल्बीच्या आराखड्यात ५.१ चे हे स्पीकर पाठीमागे नसतातच मुळी. समोरच्या दिशेपासून ९० ते ११० अंशांवर, म्हणजे जवळपास कानाच्या रेषेत, दोन्ही बाजूंना आणि कानापेक्षा थोडे वर. तेव्हा सोफा भिंतीला टेकला म्हणून ५.१ बाद होत नाही. सोफ्याच्या डाव्या-उजव्या भिंतीवर खिळा मारायला जागा आहे का, हा खरा प्रश्न. मावसभावाला व्हिडिओ कॉल करून हॉल दाखवायला लावला. उजवीकडे बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा. डावीकडे भिंतच नाही, स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज. म्हणजे एक स्पीकर पडद्यामागे आणि दुसरा फ्रिजवर. तिथेच त्याचा ५.१ संपला.

सोफा भिंतीला असण्याचा खरा परिणाम बेसवर होतो. १४ फूट लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन टोकांच्या भिंतींपाशी फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. हा भिंतींच्या अंतराचा खेळ आहे, कंपनी कुठलीही असो. पाठ भिंतीला लावून बसलेल्या माणसाला वूफर गरजेपेक्षा जास्त घुमतो. विट्रिफाइड टाइल्स, काच आणि रिकाम्या भिंती बाकीचा आवाजही उडवत राहतात. सोफा फूटभर जरी पुढे सरकला, खाली सतरंजी आली, काचेवर जाड पडदा आला, तर दोन हजारांत जो फरक पडतो तो दहा हजारांच्या स्पीकरने पडत नाही. वूफर घेतलाच तर एक जुनी युक्ती: तो थोडा वेळ सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि स्वतः खोलीच्या कडेकडेने रांगत फिरा. जिथे बेस आटोपशीर ऐकू येईल तिथे वूफर. घरच्यांना हा प्रयोग आधी सांगून ठेवा. आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं तेही आठवा. भिंतीतून आणि स्लॅबमधून शिरतो तो बेसच, संवाद नव्हेत.

तिसऱ्या पर्यायावर मी स्वतः आहे, म्हणून त्याची भलामण जरा जपून करतो. रिसीव्हर आणि सुटे स्पीकर यांचं सुख असं की आज दोन घ्या, पुढच्या दिवाळीला मधला, त्याच्या पुढच्या वर्षी वूफर. काही बिघडलं तर तेवढंच बदला. पहिल्या पर्यायात बार किंवा वूफर गेला की वॉरंटीनंतर बहुधा अख्खा संच अडगळीत. माझा वापरलेला रिसीव्हर १० हजारांना घेतला, विकणाऱ्याने सीडी प्लेयर लावून झकास वाजवून दाखवला. घरी आल्यावर कळलं की त्याचा एचडीएमआय बोर्ड मेलेला आहे. तेव्हापासून ऑप्टिकलवर चालवतो. डॉल्बी डिजिटल ५.१ त्यातून येतं, त्यामुळे रडगाणं नाही, पण पैसे देण्याआधी एचडीएमआयचं प्रत्येक भोक टीव्ही लावून तपासा आणि टेस्ट टोनने (रिसीव्हरमधल्या तपासणीच्या आवाजाने) पाचही चॅनेल वाजवून घ्या. वायर घेताना १६ गेजची निव्वळ तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दिसायला तशीच असते. ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते.

ॲटमॉसचा (डॉल्बीचाच, वरूनही आवाज येतोय असं भासवणारा प्रकार) एकटा बार घ्यावा का, असंही मावसभावाने विचारलं. या बजेटात नको. वरून आवाज आल्याचा भास एक तर सॉफ्टवेअर करतं किंवा छतावर आपटून परतणारा आवाज, आणि त्याला छत सपाट लागतं. मावसभावाकडे पीओपीचं फॉल्स सीलिंग, मध्ये खाच, खाचेत एलईडीची पट्टी.

शेवटी त्याने जोडी घेतली. उरलेल्या पैशांत पडदा, सतरंजी आणि स्पीकर कानाच्या उंचीला आणणारे दोन स्टँड. पहिल्या रात्री फोन: "दादा, आवाजच येत नाही." ऑप्टिकल लावली होती, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "ऑटो" वर होतं, त्यामुळे टीव्ही डॉल्बी पाठवत होता आणि त्या स्पीकरांना ते उलगडता येत नाही. "पीसीएम" (न गुंडाळलेला साधा आवाज) केल्यावर वाजायला लागले. ५.१ संच किंवा रिसीव्हर असेल तर नेमकं उलटं करायचं, तिथे पीसीएम ठेवलंत तर ऑप्टिकलवरून फक्त स्टिरिओ पोचतो.

एक गोष्ट मात्र मी त्याला आधी सांगायला हवी होती. एआरसीवर टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. ऑप्टिकलवर होत नाही, स्पीकरचा रिमोट वेगळा. एआरसीवाल्या जोड्याही मिळतात, थोड्या महाग. परवा मावशीचा फोन होता. मालिका आता शब्दन् शब्द ऐकू येते म्हणाली, पण जाहिराती लागल्या की आवाज कमी करायला दुसरा रिमोट शोधावा लागतो, आणि तो नेमका उशीखाली असतो. मावसभाऊ आता एआरसीवाली जोडी कितीला पडेल ते बघतोय.