आधी तोंडाने म्हणा, मग सॅक्सोफोन उचला: कोनक्कोलवरील एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

सॅक्सोफोनवादकांसाठी कोनक्कोलच्या आधारे लय शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. कर्नाटक संगीतात मृदंगाचे बोल तालात तोंडाने म्हणण्याची जी कला आहे, तिचा उपयोग सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायचे, वाद्य वाजवणाऱ्याची लय पक्की करण्यासाठी करायचा, हा त्याचा हेतू आहे. तबल्याची पढंत कानावरून गेलेल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटणार नाही. परंतु ती सॅक्सोफोनच्या रियाजात नेमकी कोठे आणि कशी बसवायची, हे सांगणारे शिक्षण क्वचितच मिळते. ही उणीव या अभ्यासक्रमाने बऱ्याच अंशी भरून काढली आहे.

सुरुवातीच्या पाठांत वाद्याला हात लावायचा नाही, अशी स्पष्ट सूचना आहे आणि ती अगदी योग्य आहे. तीनसाठी ‘तकिट’, चारसाठी ‘तकधिमि’, पाचसाठी ‘तक तकिट’, सातसाठी ‘तकिट तकधिमि’ आणि नऊसाठी ‘तकधिमि तक तकिट’ हे बोल हातावर आदिताल धरून, म्हणजे एक टाळी व तीन बोटे आणि त्यानंतर दोनदा टाळी व हात उलटा करणे, अशा आठ मात्रांत म्हणायचे असतात. अंकांच्या उच्चारांची लांबी सारखी नसते, त्यामुळे आकडे मोजत वाजवताना वेगात जीभ अडखळते. बोलांची अक्षरे मात्र समान वजनाची असतात आणि गटाचा आकार त्यांच्या नादातूनच कळतो. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून एका ठोक्यात चारऐवजी पाच अक्षरे बसवू लागलो, की आपली लय नेमकी कोठे ओढली जाते हे तत्काळ उघड होते, कारण स्वर, बोटे आणि रीड (माउथपीसवरची कंप पावणारी पातळ पट्टी) यांपैकी कशावरही दोष ढकलता येत नाही.

अभ्यासक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बोल वाद्यावर उतरवण्याचे पाठ. सॅक्सोफोनवर मधला सी शार्प वाजवताना मुख्य बोटे सगळी मोकळी असतात आणि लगेच वरचा डी घ्यायचा असेल, तर दोन्ही हातांची तीन-तीन बोटे व ऑक्टेव्ह की (वरच्या सप्तकाची कळ) एकाच क्षणी दाबावी लागते. बहुतेकांची लय याच जागी लंगडते. येथे चार मात्रांच्या १६ अक्षरांत चार वेळा ‘तकिट’ आणि शेवटी एक ‘तकधिमि’ म्हणायला लावतात, आणि तेच डी मेजरच्या स्वरांत ‘जी’पासून (जी, ए, बी, सी शार्प, डी असे) चढत वाजवायला सांगतात. आघात पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या अक्षरावर पडतो. साहजिकच चौथ्या अक्षराचा जोर सी शार्पवर येतो आणि डी त्यापुढच्या ‘कि’ या हलक्या अक्षरावर येतो. तो ‘कि’ केसभरही उशिरा आला तरी कानाला लगेच खटकतो, कारण तेच वाक्य आपण क्षणापूर्वी तोंडाने बिनचूक म्हटलेले असते. केवळ मेट्रोनोम लावून सरगमीचे पलटे घोकण्यापेक्षा हा पाठ मला कितीतरी अधिक परिणामकारक वाटला.

श्वासाचा विचारही असाच बारकाईने केला आहे. ‘तकधिमि’ तीनदा आणि मध्ये दोन-दोन अक्षरांची कार्वै, म्हणजे मोजलेली मोकळी जागा, असे मिळून १६ होतात आणि पुढचा स्वर थेट समेवर येतो. फुंकणाऱ्याने श्वास याच मोकळ्या जागांत घ्यायचा, म्हणजे तो घाईने चोरलेला न राहता तिहाईचाच भाग होतो.

काही गोष्टी मात्र पटल्या नाहीत. एका पाठात बोलांचे उच्चार जसेच्या तसे टंगिंगसाठी, म्हणजे जिभेने स्वर सुटे करण्यासाठी, वापरण्याचा सल्ला दिला आहे. ‘तक’ची जोडी दुहेरी टंगिंगसाठी वापरली जाते हे खरे, पण त्यातील ‘क’ जिभेच्या मागच्या भागातून येत असल्याने रीडवरच्या ‘त’पेक्षा तो दुबळा पडतो, आणि माउथपीस तोंडात असताना ‘ट’साठी जीभ टाळूकडे वळवणे मुळीच सोयीचे नाही. बोल मनात चालू ठेवून संपूर्ण वाक्य एका लेगाटोत, म्हणजे स्वर न तोडता सलग, वाजवावे आणि आघात हवेच्या दाबाने द्यावेत, हा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो. तसेच दोन्ही हात वाद्यावर गुंतले की हातावरचा ताल कसा चालू ठेवायचा, याबद्दल एक अक्षरही नाही. मी पावलाने मात्रा धरून काम भागवले. जॅझमधील स्विंगची असमान आठवी (ठोक्याचे दोन भाग, पहिला लांब व दुसरा आखूड), जिचे प्रमाण लयीनुसार बदलते, तीदेखील केवळ ‘तिस्र गती’ (ठोक्याचे तीन समान भाग) म्हणून उरकली आहे, आणि जॅझ वाजवणाऱ्यांना एवढ्याने समाधान होणार नाही.

ऐकण्यासाठी सुचवलेले वादक मात्र उत्तम आहेत. सॅक्सोफोनला कर्नाटक मैफलीत मानाचे स्थान मिळवून देणारे कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांच्या वादनात बोलांची ही वाक्ये स्वरांत विरघळलेली ऐकू येतात, आणि जॅझचे अल्टो सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंथप्पा यांच्यासोबत त्यांनी केलेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणात दोन परंपरांचा लयविचार शेजारी ठेवून पारखता येतो.

ज्यांचा स्वर अजून स्थिर झालेला नाही, त्यांनी लाँग टोनचा, म्हणजे एकच स्वर लांब धरण्याचा, रियाज चालू ठेवून सध्या फक्त म्हणण्याचे पाठ घ्यावेत. दोन सप्तकांत सहज फिरणाऱ्यांनी पूर्ण अभ्यासक्रम जरूर घ्यावा. फक्त शेवटच्या भागातील लांब कोरवै (शेवटचे वाक्य सहसा तीनदा येणाऱ्या ठरीव लयरचना) फार भरभर समजावली आहेत, त्यामुळे ती प्रत्येक ओळ थांबवून, कागदावर गट पाडून आणि तोंडाने पुरती बसवूनच वाद्यावर घ्यावीत.