स्कीइंगसाठी बिजागरीवाला नी ब्रेस, डिसेंबर ते एप्रिल वापरून (एसीएल आणि गादी दोन्ही गेलेला गुडघा)

आधी माझ्या गुडघ्याचं सांगते म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. 2009 ला सांगलीत कॉलेजकडून कबड्डी खेळताना पकडीतून सुटायला गेले, पाय जागीच रुतला आणि वरचं अंग फिरलं, उजवं एसीएल (गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जोडणारं लिगामेंट) गेलं, आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस) पण फाटली. हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूच्या दोरीचा) ग्राफ्ट लावून ऑपरेशन झालं. आता म्युनिकला असते, पस्तिशीत स्कीइंग शिकले, आणि या सीझनला गार्मिशला (आल्प्समधलं स्कीइंगचं गाव) हाउसबेर्ग डोंगराच्या बाजूला धरून एकूण 22 दिवस ब्रेस घालून उतरले.

त्याआधी निओप्रीनची नुसती स्लीव्ह वापरायचे. ऊब मिळते, गुडघ्याकडे लक्ष राहतं, पण लिगामेंटचं काम ती करत नाही हे स्पष्ट सांगते. फिजिओने 2006 चा एक अमेरिकन अभ्यास दाखवला, एसीएलचं ऑपरेशन झालेले 820 स्की कर्मचारी, त्यात ब्रेस न घालणाऱ्यांना गुडघ्याला पुन्हा दुखापत व्हायचा धोका 2.74 पट निघाला, मग मी साडेसातशे युरो मोजून कडक फ्रेमचा घेतला.

पहिले चार दिवस रडू यायचं बाकी होतं. दुपारपर्यंत ब्रेस दोन बोटं खाली यायचा आणि बिजागरी वाटीच्या मध्यावर नसली की तो गुडघ्याबरोबर वाकतच नाही, उलट ओढतो, त्यात खालचा काठ बुटाच्या वरच्या कडेवर आपटून नडगीवर लाल वळ. चूक माझी होती, मी जाड थर्मलवर घालत होते आणि पट्टे वरून खाली आवळत होते. आता अंगाला बसणारी पातळ स्लीव्ह, त्यावर ब्रेस, गुडघा थोडा वाकवून आधी पोटरीच्या वरचा पट्टा घट्ट (ब्रेस त्यावरच टेकतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर!), मग बाकीचे, आणि दोन रन झाले की परत एकदा आवळायचे. पँट मात्र ढगळ आणि बाजूला पूर्ण चेन असलेलीच घ्या, नाहीतर पट्टे आवळायला टॉयलेट शोधत फिराल.

सरळ होण्याची मर्यादा 10 अंशांवर लावून घेतली, त्यामुळे पाय पूर्ण ताठ होत नाही आणि खड्ड्यात उतरताना पूर्वी जी धास्ती वाटायची ती गेली. मार्चमधल्या ओल्या जड बर्फात एकदा स्की अडकली, पडले, गुडघा तसाच राहिला. पण ब्रेसमुळेच वाचले असं मी म्हणणार नाही, बाइंडिंगही (बूट स्कीला धरून ठेवणारा भाग) वेळेत सुटलं होतं. मागे बसून पडताना उताराच्या खालच्या बाजूच्या स्कीची शेपटी (मागचं टोक) पाय आत पिळते, एसीएल असंच जातं, आणि त्या पिळाला ब्रेस पूर्ण रोखत नाही, म्हणून पडताना उठायची धडपड करू नका, सरळ पडून घ्या.

चेअरलिफ्टवर पाय टेकायला दांडी नसेल तर बूट आणि स्कीचं वजन लोंबकळून माझा गुडघा अजूनही ठणकतो, त्यावर ब्रेसचा काहीच उपयोग नाही. आणि ऑक्टोबरपासून आठवड्यात तीनदा स्क्वॉट, एका पायावर तोल, हॅमस्ट्रिंगचे व्यायाम केले नसते तर या फ्रेमवर मी विसंबलेच नसते.

वेल्क्रोत बर्फ गेला की चिकटत नाही, खिशात छोटा ब्रश ठेवा. पॅड रोज काढून वाळवा, हीटरवर नको, माझा एक तसाच आकसला.