टेम्परेचर गन: आठ महिने वापरल्यावर (गाडी: अ‍ॅम्बेसेडर, 1984)

लांबूनच वस्तूचं तापमान दाखवणारी ही गन मार्चमध्ये साडेबाराशेला घेतली, ती वडिलांच्या अ‍ॅम्बेसेडरसाठी. आर्वीहून वर्ध्याला पोचेपर्यंत मागून जळका वास यायचा, मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) बोट टेकवत नव्हतं. मिस्त्रींनी नुसता हात लावून सांगितलं, "क्राऊन-पिनियन खोला लागते दादा." (म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्यातले गिअर.) जुन्या गाडीचा क्राऊन एकदा उघडला की पुन्हा तसा बसेल याची खात्री नसते. म्हणून आधी मोजायचं ठरवलं.

शेवटचा दीड किलोमीटर ब्रेकला पाय न लावता गाडी चढावर आपोआप थांबू दिली आणि लगेच खाली वाकलो. मागच्या उजव्या चाकाचा ब्रेकचा ड्रम 128 अंश, डावा 69. मग उजव्या चाकाकडून मधल्या गोळ्याकडे अ‍ॅक्सलच्या नळीवर गन सरकवत नेली: 96, 84, 77. दोष क्राऊनमध्ये असता तर मधला आकडा सगळ्यात मोठा आला असता. इथे उष्णता चाकाकडून आत येत होती.

जॅकवर चाक घट्टच फिरत होतं. ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा ब्लीडिंगचा निपल सोडून पाहिला, तरी मोकळं होईना. म्हणजे ब्रेक ऑइलचा दाब अडकलेला नव्हता. ड्रम काढला तर ड्रममागच्या पाटीतली हँडब्रेकची लिव्हर गंजून जाम, काळ्या मातीचा थर दगडासारखा बसलेला, आणि शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) कायम घासत होते. लिव्हर साफ केली, ग्रीस लावलं, शूवरचे लायनर बदलले. आता दोन्ही ड्रम 65 ते 70 च्या आत. गोळा मे महिन्यात 75 पर्यंत गेला, पण त्यातलं 90 नंबरचं गिअर ऑइल पातळीला होतं आणि आवाज नव्हता, म्हणून त्याला हात लावला नाही.

गनबद्दल एक महत्त्वाचं. चकचकीत धातूवर ती फार कमी दाखवते. चाकाच्या क्रोमच्या टोपीवर 52 आले होते, आणि 128 चा ड्रम तिच्याच मागे होता! मी ड्रमवर मॅट काळ्या रंगाचा ठिपका दिलाय, तिथेच मोजतो. गनमधून पडणारा लाल ठिपका म्हणजे मोजण्याची जागा नव्हे. फुटभरावरून ती इंचभर गोल भागाची सरासरी देते, तेव्हा जवळूनच धरा.

आपल्याकडच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका. तापलेली गन पहिली पंधरा-वीस मिनिटं भलतेच आकडे देते. भर दुपारी स्क्रीनही दिसत नाही, ओंजळीची सावली करावी लागते. आणि ड्रम कितीही तापला तरी त्यावर पाणी ओतू नका, बिडाला तडा जातो. सेल एकदाच बदलला.