मुरमाच्या उतारावर हायड्रोसीडिंग : बावधनमधील दोन पावसाळ्यांचा अनुभव

बावधनमधील आमच्या सोसायटीच्या मागे डोंगर कापून उरलेला सुमारे १,१०० चौरस मीटरचा उघडा उतार आहे. वर वीतभर माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम आणि त्याखाली पुण्याच्या सगळ्याच टेकड्यांच्या पोटात असतो तो काळा पाषाण, अशी त्याची रचना आहे. खालचा भाग बराचसा सौम्य असला तरी वरचा तिसरा हिस्सा जवळजवळ ४५ अंशांत उभा आहे. दर पावसाळ्यात त्यावर ओघळी पडत, मोठ्या सरीनंतर वाहनतळाशेजारचे गटार गाळाने तुंबे आणि माळीकाका घमेल्यांनी तो गाळ उपसत. दगडी पिचिंगचा, म्हणजे उतारावर दगड बसवून घेण्याचा, खर्च सोसायटीला झेपणारा नव्हता आणि त्याने उतार हिरवाही झाला नसता. म्हणून आम्ही हायड्रोसीडिंगची, म्हणजे बियांचे मिश्रण फवारून उतारावर गवत उगवण्याची, सेवा घेतली. एकाच ठेकेदाराने हे काम दोनदा केले. पहिल्यांदा ते पूर्णपणे फसले, दुसऱ्यांदा उत्तम जमले. ठेकेदाराचे नाव येथे देत नाही, कारण ज्या गोष्टींमुळे हा फरक पडला त्या कोणत्याही ठेकेदाराकडून काम करून घेताना तपासता येण्यासारख्या आहेत.

या पद्धतीत पाणी, बी, लाकडाचे किंवा काथ्याचे बारीक तंतू, खत आणि चिकटपणा आणणारा पदार्थ टाकीत एकत्र घुसळून ते मिश्रण दाबाने उतारावर फवारतात. चिकटपणासाठी बहुधा गवार गम वापरतात, म्हणजे आपल्या गवारीच्याच जातीच्या बियांपासून काढलेली पूड. तंतूंचा थर पावसाच्या थेंबाचा मारा स्वतःवर झेलतो, ओल धरून ठेवतो आणि बी जागेवरून हलू देत नाही. मिश्रणात हिरवा रंग घालतात तो केवळ कुठे फवारले आणि कुठे राहिले हे कामगारांना दिसावे म्हणून. आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी संपूर्ण उतार हिरवागार दिसला, गच्चीवरून फोटो निघाले आणि काम झाले असे सर्वांनी मानले. त्या वेळी उतारावर गवताचे एक पातेही नव्हते.

पहिली चूक वेळेची. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या आधी, फवारणी करण्याचे ठरले होते; परंतु ठेकेदाराचे यंत्र दुसऱ्या एका मोठ्या कामावर अडकले आणि आमच्याकडे ते आले २२ जुलै २०२४ रोजी. फवारलेला थर नीट सुकून घट्ट होण्यासाठी किमान एक दिवस कोरडा मिळावा लागतो. त्या आठवड्यात पुण्यात काय झाले हे सर्वांना आठवत असेल. २५ जुलैच्या सकाळी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले होते. आमच्या उतारावरचा हिरवा लगदा त्याच पहाटे गटारात येऊन बसला. मोबदला पूर्ण घेऊन झाल्यावर ठेकेदाराने अतिवृष्टीकडे बोट दाखवले. ते मला मान्य नाही, कारण पावसाळ्याच्या मध्यावर यंत्र आणण्याचा निर्णय पावसाने घेतलेला नव्हता.

दुसरी चूक मात्र आमच्या नजरेसमोर घडली आणि आम्हाला ती कळली नाही. सौम्य उतारावर हेक्टरी साधारण दोन टन आणि तीव्र उतारावर त्याच्या जवळजवळ दुप्पट तंतू लागतात. म्हणजे आमच्या क्षेत्रावर सव्वादोनशे किलोच्या खाली जायला नको होते आणि वरच्या उभ्या भागासाठी त्याहून बरेच अधिक हवे होते. नंतर रिकामी पोती मोजली तेव्हा सगळे मिळून दीडशे किलोही भरले नाहीत, आणि त्यात तंतूंपेक्षा कागदाचा लगदाच जास्त होता. कागदाचा लगदा स्वस्त पडतो, परंतु त्याचे धागे आखूड असल्याने ते एकमेकांत गुंतत नाहीत. बीही बागेतल्या हिरवळीचे होते. रोज पाणी मिळेल तिथे ते वाढते. मुरमावर आणि मार्च-एप्रिलच्या पुण्याच्या उन्हात ते टिकणार नव्हतेच.

दुसऱ्या फेरीसाठी आम्ही तीन अटी लेखी घातल्या : बियांची यादी आधी दाखवायची, पोती आमच्यासमोर फोडायची आणि निम्मे पैसे गवत उगवून आल्यानंतर घ्यायचे. ठेकेदाराने त्या कुरकुर न करता मान्य केल्या, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. दिवाळीनंतर गोळा केलेले कुसळी, शेडा आणि डोंगरी या गवतांचे बी त्याने मिळवले, जोडीला नत्र धरणारे स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक घेतले आणि लवकर उगवून बाकीच्यांना आडोसा देणारी नाचणी घातली. कुसळीच्या बियांना लांब पीळदार कुसे असतात. ती ओल लागली की फिरतात आणि बी जमिनीत रुतवतात, पण नोझलमध्ये अडकून तेच बी सगळे काम थांबवते. म्हणून कामगारांनी आदल्या दिवशी ते गोणपाटावर चोळून कुसे मोडून काढली. हे काम मी शेजारी बसून पाहिले आणि पहिल्या वेळी जो विश्वास उडाला होता तो तिथे परत बसला.

मे २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात फवारणी झाली. त्याआधी गुळगुळीत कापलेल्या उतारावर कुदळीने आडव्या खाचा पाडल्या, माथ्यावरून येणारे पाणी बाजूला वळवण्यासाठी चर खणला आणि वरच्या उभ्या भागावर फवारणीनंतर काथ्याची जाळी खुंट्या ठोकून ताणून बसवली. या वेळी तंतूंची चारशे किलोंहून अधिक पोती रिकामी झाली. बी पाण्यात पडल्यावर टाकी तासाभरात संपवायची, हा नियमही पाळला गेला. भिजलेले बी खताच्या पाण्यात फिरत राहिले तर त्याची उगवण बिघडते. थर सुकल्यावर त्याला हात लावला तेव्हा तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा पण चिवट लागला, आणि नखाने उचलून पाहिला तर खालच्या बाजूला बी चिकटलेले होते. मोसमी पाऊस त्या वर्षी २६ मे रोजीच पुण्यात पोचला. चार-पाच दिवसांत नाचणीची पाती दिसली, गवताने मात्र तीन आठवडे वाट पाहायला लावली, आणि ऑगस्टमध्ये वरचा भाग सोडून मुरूम कुठे डोळ्यांना दिसेना. माळीकाकांनी संपूर्ण पावसाळ्यात गटारातून जेमतेम तीसेक घमेली गाळ काढला. आधी एकेका मोठ्या पावसानंतर तेवढा निघत असे.

खर्चाचे म्हणाल तर जाळी धरूनही तो आम्हाला मिळालेल्या पिचिंगच्या दरपत्रकाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेला नाही. परंतु या पद्धतीकडून काय अपेक्षा ठेवायची नाही, हे मी आग्रहाने सांगेन. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीणवर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून पुणे जिल्ह्यात उताराखाली राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पावसाळ्यात ती धास्ती असते. गवताची मुळे वरची हात-दीड हात माती बांधून ठेवतात. खोलवर पाणी मुरून सरकणारा डोंगर ती थांबवू शकत नाहीत. आमच्या ठेकेदाराच्या माहितीपत्रकात ‘दरडींपासून संरक्षण’ असे शब्द होते आणि ते काढून टाकावेत असे मी त्यांना लेखी कळवले आहे. आमच्या उताराच्या ईशान्य कोपऱ्यात जमिनीला भेग दिसते. तिथे भू-तंत्र अभियंत्याच्या सल्ल्याने गॅबियनची, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली, भिंत घ्यायची असून तो भाग फवारणीतून मुद्दाम वगळला.

वाळलेल्या गवताला उन्हाळ्यात वणव्याचे भय असते, ही गोष्ट ठेकेदाराने स्वतःहून सांगायला हवी होती. ती आम्हाला टेकडीवर फिरायला येणाऱ्या एका निवृत्त वनरक्षकांनी सांगितली. त्यांच्या सल्ल्यानुसार कुंपणालगत तीन मीटर रुंदीची पट्टी कापून जाळरेषा मोकळी ठेवली आहे. त्या पट्टीतून निघालेल्या कुसळी आणि डोंगरीच्या ओंब्या माळीकाकांनी झोडपून बी वेगळे केले. दोन पोती भरलेले ते बी पंपघरात कोरडे ठेवले आहे, कारण जाळीखालच्या उघड्या राहिलेल्या जागी मे महिन्यात ते हातानेच टाकायचे आहे.