जुन्या गॅस उपकरणांच्या पायलट ज्योती: भाड्याच्या घरातला काही महिन्यांचा अनुभव

भाड्याच्या घरात गॅसवर चालणारी तीन जुनी उपकरणं मिळाली: भिंतीतला हीटर, टाकीचा गिझर आणि ओव्हन असलेली शेगडी. तिन्हींच्या पायलट ज्योती, म्हणजे मोठा बर्नर पेटवण्यासाठी सतत तेवत ठेवलेल्या छोट्या ज्योती, रात्रंदिवस जळत असत. उपकरणं घरमालकांची, त्यामुळे आपल्या मनाने बदलता येत नव्हती. तरीही काही महिन्यांनंतर ठामपणे सांगते, पदरचे पैसे न घालताही बराच गॅस वाचतो. फक्त कुठली ज्योत विझवायची आणि कुठली राहू द्यायची, हे आधी ठरवायला हवं.

सुरुवात मीटरपासून केली. रात्री गिझरचा नॉब 'पायलट'वर ठेवून (म्हणजे मोठा बर्नर न पेटता फक्त ज्योत जळते), बाकी सगळा वापर थांबवून आकडा लिहून ठेवला आणि सकाळी पुन्हा पाहिला. कुणी काही पेटवलं नसताना आकडा पुढे गेला होता. एक ज्योत साधारण २०० ते ३०० वॉट उष्णता देते. २०० वॉट धरले तरी दिवसाला जवळपास ५ युनिट ऊर्जा होते. नैसर्गिक गॅसच्या हिशेबात महिन्याला १३-१४ घनमीटर. (सगळ्या ज्योती बंद असूनही मीटर पुढे जात असेल, तर गळतीची शंका घ्या आणि लगेच तंत्रज्ञाला बोलवा.)

सगळ्यात जास्त फायदा हीटरचा झाला. थंडी सरली की त्याची ज्योत नुसती खोली तापवत बसते. ती बंद केल्यावर खोलीतला उकाडाही थोडा कमी वाटला. गिझरची ज्योत मात्र मी चालू ठेवली. ती टाकीच्या खालीच जळते, त्यामुळे तिची बरीचशी उष्णता पाण्यालाच मिळते. तिथे पाण्याचं तापमान जरा उतरवलं. घर काही दिवस बंद राहणार असेल तर नॉब 'पायलट'वर नेते.

शेगडीच्या बाबतीत सांभाळून. वरच्या बर्नरच्या ज्योतींना बऱ्याच जुन्या शेगड्यांत सुरक्षा व्हॉल्व्ह नसतो. ज्योत फुंकून विझवली तर गॅस तसाच बाहेर येत राहतो. म्हणून घरमालकांना विचारून तंत्रज्ञाकडून त्या ज्योतींचा गॅसच बंद करून घेतला. आता लायटरने पेटवते, काही अडत नाही. ओव्हनची ज्योत तशीच आहे.

थंडीच्या तोंडावर हीटर पुन्हा पेटवणं हेच खरं काम. नॉब 'पायलट'वर आणून दाबून धरायचा, ज्योत लावायची आणि अर्धा ते एक मिनिट नॉब सोडायचा नाही. तेवढ्यात थर्मोकपल (ज्योतीत बसवलेली धातूची छोटी कांडी) तापतं, त्यातून काही मिलिव्होल्ट वीज निघते आणि तिच्या जोरावर व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत टिकली नाही तर गॅस बंद करून किमान ५ मिनिटं थांबायचं. एलपीजी असेल तर वास जमिनीलगत घेऊन बघायचा, कारण तो हवेपेक्षा जड असतो. गॅसचा वास येत असेल तर काहीच पेटवायचं नाही.

एक तोटा आहे. बंद काळात पायलटच्या बारीक नळीत कोळी जाळं करतात. मग ज्योत पिवळी आणि लुळी पडते. निळी, ताठ ज्योत हवी. पिवळी ज्योत म्हणजे अपुरं ज्वलन, त्यातून कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो. म्हणून पेटवण्याआधी सफाई करून घ्यावी. पुढच्या वेळी हीटर बदलायची वेळ आली तर इलेक्ट्रॉनिक इग्निशनचाच (सतत ज्योत न ठेवता विजेच्या ठिणगीने पेटणारा) घ्या, असं घरमालकांना लेखी कळवून ठेवलं आहे.