जंगलातला मुक्काम: डासांसाठी क्रीम, गोचिडींसाठी कपडे

दिवाळी झाली की सह्याद्रीत तंबू टाकायला निघणाऱ्यांची खरेदी सुरू होते. चावणाऱ्या किड्यांसाठी काय घ्यायचं, हे ठरवायच्या आधी कुठे आणि कोणत्या महिन्यात जाताय ते बघा. पवना किंवा भंडारदऱ्याच्या काठी संध्याकाळी छळतो तो डास. दोडामार्ग, सावंतवाडी किंवा गोव्यातल्या सत्तरीच्या रानात डिसेंबर ते मे सांभाळायचं ते गोचिडीपासून. डास उडत येतो आणि उघड्या कातडीवर बसतो. गोचिडीला उडताही येत नाही आणि उडीही मारता येत नाही. ती गवताच्या पात्यावर किंवा पाचोळ्यात वाट बघत असते, बुटाला किंवा पँटला चिकटते आणि कपड्यांच्या आतून वर सरकत जाते. हाताला, मानेला चोपडलेल्या क्रीमशी तिची बहुतेकदा गाठच पडत नाही.

आधी अंगाला लावायच्या गोष्टी. किराणा दुकानात सहज मिळणारं ओडोमॉस डासांसाठी आहे, आणि धरणाकाठच्या एका रात्रीसाठी मला ते पुरेसं वाटतं. गोचिडींच्या रानात मात्र मी त्याच्या भरवशावर जाणार नाही. तिथे डीट किंवा पिकारिडिन हवं, म्हणजे अंगाला लावायची, किडे दूर ठेवणारी रसायनं. २० ते ३० टक्के डीट डास आणि गोचीड दोन्हींना दूर ठेवतं आणि काही तास टिकतं. टक्केवारी वाढली की टिकण्याचा काळ वाढतो, तोही साधारण ५० टक्क्यांपर्यंतच, त्यामुळे सर्वांत कडक बाटलीच्या मागे लागू नका. डीटची खरी अडचण म्हणजे ते प्लास्टिक खातं. चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा, काही कृत्रिम कापडं त्याने खराब होतात. २० टक्के पिकारिडिन टिकायला डीटच्या तोडीचं आहे, चिकट नाही, वासही सौम्य आणि प्लास्टिकला धक्का लावत नाही. दोन्हींत निवडायचं झालं तर मी पिकारिडिन घेईन. ते इथल्या दुकानांत सहज दिसत नाही, पण परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना चॉकलेटऐवजी हे आणायला सांगता येईल. तिसरा पर्याय आपल्याकडचाच आहे: डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं डेपा, तेही किडे दूर ठेवणारं रसायन. गोचिडींमधून पसरणाऱ्या माकडतापाच्या पट्ट्यातल्या गावांना कर्नाटकचा आरोग्य विभाग ते वाटतो. मिळालं तर जरूर वापरा.

सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, किड्यांसाठीचं नंतर. मुलांच्या तळहातांना लावू नका, हात तोंडात जातात. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट अजिबात नाही.

आता कपडे. इथे मी जास्त वेळ घालवतो, कारण गोचिडींच्या रानात खरा बचाव इथेच होतो. परदेशी ट्रेकर कपड्यांवर अर्धा टक्का परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारतात. कापडावर चढलेली गोचीड त्याने मरते किंवा गळून पडते, आणि एकदा फवारलेलं साधारण सहा आठवडे किंवा सहा धुण्यांपर्यंत टिकतं. ते कातडीला लावायचं नसतं. मोकळ्या हवेत फवारून कपडे पूर्ण वाळू द्यायचे. घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांपासून तिला लांब ठेवा, तिच्या जिवावर बेतू शकतं. माशांनाही ते घातक आहे, तेव्हा असे कपडे ओढ्यावर धुऊ नका.

हा फवारा आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून काही जण कृषी सेवा केंद्रातून जनावरांच्या गोचिडींचं औषध आणून कपड्यांवर मारतात. कृपा करून हे करू नका. ती औषधं गोठ्यासाठी आणि जनावरांच्या अंगासाठी असतात, माणसाने दिवसभर घालायच्या कपड्यांसाठी नव्हेत. खरजेवर मिळणारं परमेथ्रिनचं मलमही वेगळं, ते कपड्यांच्या कामाचं नाही.

परमेथ्रिन नाही मिळालं तर फिक्या रंगाची पूर्ण पँट घाला, तिचे पाय मोज्यांत खोचा आणि मोज्यांवर डीट किंवा पिकारिडिन मारा. फिक्या कापडावर चढणारी गोचीड दिसते. तंबू पाचोळा साफ करून उघड्यावर टाका, गुरांच्या वाटेपासून दूर, आणि बसताना खाली चटई हवीच. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका. त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरलेल्या असतात. वनविभागाला कळवा.

रात्रीसाठी तंबूची जाळी नीट बंद ठेवली की दुसरं काही लागत नाही. कॉईल तंबूत लावू नका: आग आणि धूर दोन्हींचा धोका. सिट्रोनेला तेलाचा परिणाम तासाभरात विरतो. मनगटी पट्टे आणि मोबाईलवरची ‘डास पळवणारी’ ॲप यांवर एक रुपयाही घालवू नका.

मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला जाणाऱ्यांना एक विनंती. झाडांखाली फवारे मारू नका, जे बघायला आलात तेच त्याने मरतं. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि क्रीम गाडीपाशीच लावून घ्या.

एवढी काळजी कशासाठी, तर माकडतापासाठी. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो ओळखला गेला, आणि २०१६ मध्ये दोडामार्गच्या गावांत पोचला. त्याच्यावर नेमकं औषध नाही. विदर्भातला धोका वेगळा: पावसाळ्याच्या शेवटी गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याने माणसं दगावली. यावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालतं, पण वेळेत मिळालं तर.

म्हणून संध्याकाळी आणि घरी आल्यावर अंग तपासा: काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडी, चुना काही नको. तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कोणत्या रानात, कधी राहिलात ते पहिल्याच भेटीत सांगा, आणि अंगावर कुठे न दुखणारी काळी खपली असेल तर तीही दाखवा.